निकाहनामा, पोटगी आणि सातबारा

मुस्लिम कौटुंबिक कायद्यातील सुधारणा हा विषय निघाला की मराठी सुशिक्षितांची चर्चा बहुधा दोनच वाटांनी जाते. एका पक्षाच्या मते हा कायदा ईश्वरदत्त असल्यामुळे त्याला हात लावता येत नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते तो मध्ययुगीन असल्यामुळे रद्द करणे हाच त्यावरचा उपाय होय. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे कट्टर वैरी असले तरी एका गृहीतकावर त्यांचे पूर्ण एकमत आहे. ते गृहीतक असे की, हा कायदा कधीच बदललेला नाही. इतिहास मात्र याच्या नेमका उलट आहे. २०१७ च्या तीन तलाकविषयक निकालानंतर आणि २०१९ च्या कायद्यानंतर ‘आता प्रश्न सुटला’ असा एक सार्वत्रिक समज पसरला आहे. तोही तितकाच फसवा आहे. प्रस्तुत लेखात मला एवढेच मांडायचे आहे की, सुधारणेची कसोटी संसदेत किंवा दूरचित्रवाणीवरील वादात लागत नसते. ती वऱ्हाडातल्या एखाद्या स्त्रीच्या हाती येणाऱ्या, किंवा न येणाऱ्या, तीन कागदांवर लागते. ते कागद म्हणजे निकाहनामा, पोटगीचा आदेश आणि सातबारा.

प्रथम न बदलण्याच्या समजुतीचा विचार करू. उस्मानी साम्राज्याने १९१७ सालीच कौटुंबिक हक्कांचा कायदा संहितेच्या रूपात आणला. इजिप्तने १९२० आणि १९२९ साली विवाह व तलाकविषयक कायदे केले. तुर्कस्थानने १९२६ मध्ये स्विस नागरी संहिताच स्वीकारली. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्व बंद केले आणि न्यायालयाबाहेरचा तलाक अमान्य ठरवला. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशाने तलाकची लेखी सूचना आणि नव्वद दिवसांची मुदत सक्तीची केली. मोरोक्कोची नवी कुटुंबसंहिता २००४ ची. या देशांनी एकच मार्ग चोखाळला असे नाही. कोणी शरियत बाजूला ठेवली, कोणी तिचा नवा अर्थ लावला, तर कोणी एका फिकही पंथाचा नियम सोडून दुसऱ्या पंथाचा घेतला. हा तिसरा मार्ग आपल्याला विशेष जवळचा आहे, कारण भारतातील एक मोठी सुधारणा याच मार्गाने आली.

हनफी पंथाच्या नियमानुसार नवरा परागंदा झाला, पोसत नसला वा छळत असला तरी स्त्रीला विवाहातून सुटण्याचा मार्ग जवळजवळ नव्हता. परिणामी काही स्त्रिया केवळ सुटकेसाठी धर्मत्याग करू लागल्या. या पेचातून मार्ग काढण्यासाठी मौलाना अश्रफ अली थानवी यांच्यासारख्या परंपरानिष्ठ देवबंदी विद्वानाने १९३० च्या दशकाच्या आरंभी ‘अल्-हीलतुन् नाजिजा’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि मालिकी पंथाचे नियम स्वीकारण्यास संमती दिली. पुढे काझमी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक मांडले आणि १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसणे, दोन वर्षे त्याने निर्वाह न करणे, क्रूर वागणूक अशी कारणे दाखवून न्यायालयातून विवाह मोडण्याचा हक्क मुस्लिम स्त्रीला या कायद्याने दिला. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा देशव्यापी हक्क १९५५ साली मिळाला हे लक्षात घेतले, तर ‘ते मागे आणि आपण पुढे’ हे आपले लाडके चित्र किती अपुरे आहे हे उमगते. अर्थात या धर्मपंडितांचा हेतू स्त्रीस्वातंत्र्याचा नव्हता; त्यांना धर्मांतर थांबवायचे होते. पण कायद्याच्या इतिहासात हेतूपेक्षा परिणाम अधिक काळ टिकतो.

महाराष्ट्राने याहून वेगळी, अधिक धाडसी वाट पाहिली. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई हे मुळात ललित लेखक; ‘इंधन’ ही त्यांची कादंबरी मराठी वाचकाला अपरिचित नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा आणा, अशी त्यांची मागणी होती. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. मंडळाच्या नावातच जोतीराव फुल्यांशी नाते जोडलेले होते. १९७७ मध्ये, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, दलवाई गेले. पण काम थांबले नाही. शाहबानो निकालानंतर १९८५ साली मंडळाने कोल्हापूरहून नागपूरच्या दिशेने तलाकमुक्ती मोर्चा काढला आणि वाटेत कडवा विरोध सोसला. सय्यदभाईंच्या ‘दगडावरची पेरणी’ या आत्मकथनाचे शीर्षकच या कार्यकर्त्यांच्या वाट्याला आलेल्या जमिनीचे वर्णन करते.

दलवाईंच्या भूमिकेचे मोल मोठे आहे. स्त्रीचा हक्क हा धर्मग्रंथाच्या अनुमतीवर अवलंबून नाही, नागरिक म्हणून तो तिचा आहे, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. थानवी परंपरेच्या आतून बोलले, तर दलवाई नागरिकत्वाच्या भूमीवरून. एकाला परंपरा वाचवायची होती, दुसऱ्याला माणूस. आमच्या साहित्यिक वर्तुळात या दोघांपैकी एकाची निवड करणे हा वैचारिक प्रामाणिकपणाचा पुरावा मानला जातो. मला ही निवड अनावश्यक वाटते. तत्त्वाचा आग्रह दलवाईंचाच हवा. मात्र कायदा बदलेपर्यंत, आणि बदलल्यानंतरही, ज्या कागदावर स्त्रीचे आयुष्य ठरते त्या कागदाकडे दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष झाले आहे, आणि माझी तक्रार त्या दुर्लक्षाविषयी आहे.

पहिला कागद निकाहनाम्याचा. इस्लाममध्ये विवाह हा संस्कार नसून करार आहे, हे वाक्य आपण भाषणात वारंवार ऐकतो. करार म्हटला की अटी आल्या. विवाहाच्या वेळी वधू अटी घालू शकते आणि विशिष्ट प्रसंगी स्वतःला तलाक घेण्याचा अधिकार नवऱ्याकडून लिहून घेऊ शकते. याला तफवीज म्हणतात. कलकत्ता उच्च न्यायालयाने अशी अट विसाव्या शतकाच्या आरंभीच ग्राह्य मानली होती. पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्या सरकारी निकाहनाम्यात अठरावा रकाना नेमका याच प्रश्नाचा आहे: पतीने पत्नीला तलाकचा अधिकार दिला आहे काय, आणि दिला असल्यास कोणत्या अटींवर? लग्न लावणारा तो रकाना पुष्कळदा परस्पर खोडून टाकतो, अशी तिथल्या स्त्री संघटनांची तक्रार आहे. पण खोडण्यासाठी का होईना, तिथे रकाना आहे. भारतात सर्वांना बंधनकारक असा नमुनाच नाही. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २००५ मध्ये एक आदर्श निकाहनामा प्रसिद्ध केला. तलाकपासून परावृत्त करण्याचा सदुपदेश त्यात आहे. परंतु स्त्री संघटनांना हवी असलेली खात्री त्यातून मिळाली नाही. शाइस्ता अंबर यांच्या महिला बोर्डाने आणि पुढे भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने आपापले नमुने तयार केले. त्यांचा प्रसार अजून शहरांच्या पलीकडे फारसा गेलेला नाही.

अचलपूर, बाळापूर, अकोट, मूर्तिजापूर अशा गावांत लग्नघराच्या धांदलीत वधूकडून सही घेतली जाते, तेव्हा कागदावर काय लिहिले आहे हे तिला कोण वाचून दाखवते? मजकूर उर्दूत असतो. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला घरची बोली येते. पण ती लिपी सराईतपणे वाचता येईलच असे नाही. मेहरची रक्कम वडीलधारे ठरवतात. ती ताबडतोब द्यायची की पुढे, हे अनेकदा मोघम ठेवले जाते. सुधारणेची सुरुवात करण्यासाठी येथे संसदेची गरज नाही. उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापलेला नमुना, त्यात तफवीजचा रकाना, मेहरची स्पष्ट रक्कम आणि दुसऱ्या विवाहाविषयीची अट एवढे पुरेसे आहे. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार सर्वधर्मीयांच्या विवाहाची नोंदणी आवश्यक आहे. त्या नोंदणीला निकाहनाम्याची प्रत जोडण्याचा आग्रह धरला तर उद्या वाद उद्‌भवल्यास पुरावा शोधत फिरावे लागणार नाही.

दुसरा कागद पोटगीचा. येथे मराठीच्या प्राध्यापकाला रस वाटावा असा एक व्याकरणाचा प्रश्न दडला आहे. इंदूरच्या शाहबानोंना उच्च न्यायालयाने दरमहा १७९ रुपये २० पैसे पोटगी मंजूर केली होती. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ती कायम केली. त्यानंतर उसळलेल्या राजकीय वादळात १९८६ चा कायदा आला. इद्दत म्हणजे तलाकनंतरचा साधारण तीन महिन्यांचा काळ. त्यापलीकडे नवऱ्याची जबाबदारी उरणार नाही, असा त्या कायद्याचा सार्वत्रिक अर्थ लावला गेला. परंतु मूळ शब्द असे होते की, नवऱ्याने ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद’ इद्दतच्या काळात करावयाची आहे. ‘इद्दतच्या काळात’ आणि ‘इद्दतच्या काळापुरती’ यांत एका प्रत्ययाचे अंतर आहे, आणि त्या अंतरात हजारो स्त्रियांची भाकर आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० साली हे अंतर ओळखले आणि तरतूद इद्दतमध्ये करायची असली तरी ती पुढील आयुष्यासाठी असते असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात तोच अर्थ पक्का केला. स्त्रीविरोधी म्हणून हिणवला गेलेला कायदा न्यायाधीशांच्या काटेकोर वाचनामुळे स्त्रीच्या बाजूने उभा राहिला. वाचन ही निरुपयोगी गोष्ट नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या शेजारच्या मराठवाड्यातूनही असाच एक निकाल आला. पोटगीचा अर्ज झाला की ‘मी तिला पूर्वीच तलाक दिला आहे’ असे नवऱ्याने लेखी जबाबात लिहून टाकायचे, ही जुनी युक्ती होती. मे २००२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने सांगितले की, नुसते लिहून भागत नाही. तलाकचे कारण, समेटाचा प्रयत्न आणि प्रत्यक्ष उच्चार हे सर्व सिद्ध करावे लागेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शमीम आरा खटल्यात हाच दंडक घातला. म्हणजे २२ ऑगस्ट २०१७ च्या शायरा बानो निकालाआधी पंधरा वर्षे एकतर्फी तलाकची धार न्यायालयांनी बोथट केली होती. ही बातमी गावापर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र कोणीच केले नाही. कायदा ज्यांना ठाऊक नसतो त्यांच्यापुरता तो नसल्यासारखाच.

२०१९ च्या कायद्याने एका दमात दिलेला तलाक हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा ठरला. या तरतुदीविषयी माझी शंका साधी आहे. न्यायालयाने जो तलाक आधीच निरर्थक ठरवला, त्याने विवाह मोडत नाही. मग नवरा तुरुंगात आणि विवाह कायम, अशा अवस्थेत घर कोणी चालवायचे? निर्वाहभत्त्याची तरतूद कायद्यात आहे, हे खरे. पण मजुरी करणारा माणूस कोठडीतून भत्ता कसा देणार? दुसरीकडे, नवरा तलाकचा शब्दही न उच्चारता बायकोला माहेरी सोडून देतो, त्याच्यावर हा कायदा काहीच बोलत नाही. टाकलेल्या बायकांचा प्रश्न धर्म पाहून येत नाही, हे संगमनेरच्या १९८८ च्या परित्यक्ता परिषदेने महाराष्ट्रापुढे मांडलेले आहेच. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला सर्वसाधारण फौजदारी कायद्याखालीही पोटगी मागता येते हे निःसंदिग्ध केले. हक्क आता पुरेसे झाले आहेत. उणीव आहे ती वेळेची. दलवाईंच्याच चिपळूण तालुक्याचे एक प्रकरण पाहा. २००८ मध्ये टपालाने तलाक आला. २०१४ मध्ये चिपळूणच्या न्यायालयाने ४ लाख ३२ हजार रुपये मंजूर केले. २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने ते ९ लाख केले. स्त्रीने मध्यंतरी पुनर्विवाह केला म्हणून ती रक्कम बुडत नाही, हे उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये सांगितले. तलाकपासून या निकालापर्यंत सोळा वर्षे गेली. अकोला असो वा अमरावती, तारखांचा हिशेब मांडणाऱ्या कोणत्याही स्त्रीला हा काळ अपरिचित वाटणार नाही.

तिसरा कागद सातबाऱ्याचा, आणि माझ्या मते वऱ्हाडासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. याविषयी जवळजवळ कोणी बोलत नाही. १९३७ च्या शरियत कायद्याने स्त्रियांना वारसाहक्कापासून दूर ठेवणाऱ्या रूढी मोडल्या, असे अभिमानाने सांगितले जाते. पण त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात ‘शेतजमीन वगळून’ असे शब्द आहेत. मद्रासने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये ते काढून टाकले. महाराष्ट्रात तशी दुरुस्ती झालेली नाही. विरुद्ध रूढी सिद्ध झाली नाही तर आपल्याकडे शेतीची वाटणी शरियतप्रमाणेच होते, हे मान्य. मग ती वाटणी कशी दिसते? बारा एकर कपाशीचे रान, मागे विधवा, दोन मुले आणि दोन मुली असा प्रसंग घ्या. विधवेचा आठवा हिस्सा म्हणजे दीड एकर. उरलेल्या साडेदहा एकरांत प्रत्येक मुलाला साडेतीन आणि प्रत्येक मुलीला पावणेदोन एकर. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा आहे, आणि ही विषमता समर्थनीय नाही. परंतु पावणेदोन एकर तरी सातबाऱ्यावर किती बहिणींच्या नावे चढतात? वारसनोंदीच्या वेळी हक्कसोडपत्र पुढे येते आणि बहीण भावाचे माहेरपण राखण्यासाठी सही करते. हेच दृश्य कुणबी, माळी, तेली घरांतही दिसते. तेथे तर १९९४ च्या राज्य दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलीला समान वाटा दिलेला आहे. तलाकवर तावातावाने बोलणाऱ्या आम्हा बिगरमुस्लिम मंडळींनी आपल्या घरातील हक्कसोडपत्रांची आधी मोजदाद केली, तर बोलण्यातला आवेश पुष्कळ उतरेल.

याहून कठीण प्रश्न नातवंडांचा आहे. सुन्नी वारसानियमानुसार आजोबांच्या हयातीत मुलगा वारला आणि दुसरा मुलगा जिवंत असला, तर मृत मुलाच्या लेकरांना आजोबांच्या मिळकतीत वाटा मिळत नाही. सून तर वारसच नसते. हिंदू उत्तराधिकार कायद्याने १९५६ सालीच मृत मुलाची विधवा व मुले यांना पहिल्या वर्गातील वारस मानले आहे. आता २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये ज्या सहा जिल्ह्यांची नावे होती, त्यांत अकोला आणि अमरावती दोन्ही होते, हे आठवा. आपल्या भागात जमीन म्हाताऱ्या बापाच्या नावे आणि कर्ता मुलगा कर्जापायी गेलेला, ही स्थिती दुर्मीळ नाही. असे घर मुस्लिम असेल तर त्या विधवेच्या आणि तिच्या मुलांच्या हाती सातबाऱ्याचा एक गुंठाही येत नाही. दीर-काकांच्या भलेपणावर सारे अवलंबून राहते. तीन तलाकवर देशाने किती रात्री जागवल्या! या प्रश्नावर मराठीत एखादा अग्रलेख झाल्याचे मला आठवत नाही.

आणि गंमत अशी की, मुस्लिम देशांनी हा प्रश्न कधीच सोडवला आहे. इजिप्तने १९४६ साली ‘सक्तीच्या मृत्युपत्रा’ची कल्पना आणली. आजोबांनी लिहून ठेवले नसले तरी एकतृतीयांशाच्या मर्यादेत नातवंडांना हिस्सा दिला आहे असे मानायचे. तिला आधार म्हणून कुराणातील मृत्युपत्रविषयक आयत आणि इब्न हज्मचे मत यांचा आश्रय घेतला गेला. पाकिस्तानने १९६१ मध्ये चौथ्या कलमाने नातवंडांना थेट बापाचा वाटा दिला. भारतात हे करायला कोणता धर्म आड येतो? कायदा होईपर्यंतही एक वाट मोकळी आहे. वारस नसलेल्या व्यक्तीला मिळकतीच्या एकतृतीयांशापर्यंत वसियत करण्याचा अधिकार शरियतनेच दिलेला आहे. बारा एकरांचा मालक असलेला आजोबा आपल्या अनाथ नातवंडांना चार एकर लिहून देऊ शकतो. त्यासाठी मोर्चा नको, अध्यादेशही नको. एक कागद, दोन साक्षीदार आणि ही गोष्ट वेळेवर सांगणारा माणूस हवा.

येथे समान नागरी कायद्याचा पुरस्कर्ता विचारील की, मग सरळ तोच का आणू नये? तत्त्वतः माझा विरोध नाही. घटनेच्या ४४ व्या अनुच्छेदाचा मी आदरच करतो. गोव्यात पोर्तुगीजकालीन संहितेखाली मुस्लिम कुटुंबांतही मुलगा-मुलगी समान वारस आहेत आणि त्यामुळे तेथील इस्लाम बुडालेला नाही, हे उदाहरण आपल्या दाराशी आहे. परंतु ज्या समाजाला आपल्या अस्तित्वाविषयी धाकधूक वाटते, त्याच्यावर बाहेरून लादलेली सुधारणा तो समाज ओळख टिकवण्याच्या लढाईत परतवून लावतो, आणि त्या लढाईची किंमत स्त्रीच देते. १९८५-८६ चा इतिहास हेच शिकवतो. उत्तराखंडने २०२५ मध्ये अंमलात आणलेल्या संहितेतून अनुसूचित जमातींना वगळले आहे. म्हणजे ‘समान’ हा शब्दही राजकीय सोयीने आकुंचित होतो. सुधारणेचा पुरस्कार करणाऱ्याने आधी हे सिद्ध केले पाहिजे की, त्याला स्त्रीचा वाटा हवा आहे, समाजाचा पराभव नव्हे.

आम्हा प्राध्यापकांच्या आवाक्यातले काम यातून स्पष्ट होते. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत मुस्लिम मुली आता लक्षणीय संख्येने येतात. दलवाईंचे साहित्य, मेहरुन्निसा दलवाईंचे ‘मी भरून पावले आहे’ आणि सय्यदभाईंचे आत्मकथन आपण त्यांच्यासह वाचावे. पण तेवढ्यावर थांबू नये. एका तासाला वकील भगिनीला बोलावून निकाहनामा, पोटगीचा अर्ज आणि फेरफाराची नोंद हे तिन्ही नमुने वर्गात वाचून घ्यावेत. हिंदू आणि बौद्ध मुलींनीही त्या तासाला बसावे. हक्कसोडपत्राचा नमुना त्यांच्यासाठी आहे. राज्य शासनाकडे मागण्या दोनच: शरियत कायद्यातील ‘शेतजमीन वगळून’ हे शब्द महाराष्ट्रापुरते काढावेत, आणि आजोबांच्या मिळकतीत अनाथ नातवंडांना वाटा द्यावा. दोन्हींना मुस्लिम जगातच पूर्वाधार आहेत, आणि दोन्हींमुळे कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही. ज्यांना या प्रश्नावर खरोखर काही करायचे आहे, त्यांनी येथून आरंभ करावा.